झाडं कमी, चूल रोजची: वावळाचं सरपण जमवायचं आणि फोडायचं कसं

नाशिक जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला इगतपुरीचा पाऊस, त्र्यंबकचे डोंगर नाहीतर द्राक्षबागा आठवतात. पण सिन्नर ओलांडून वावीकडे उतरा, किंवा येवला, नांदगाव, मालेगावच्या बाजूला जा. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस इकडे येईपर्यंत ५००-६०० मिलिमीटरवर आलेला असतो. माळरान, काळी रानं, बांधावर तुरळक बाभळी आणि नाल्याच्या कडेनं चार झाडं, एवढीच हिरवाई. अशा ठिकाणी शेत घेऊन, बदलीवर किंवा लग्न होऊन राहायला आलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांतच कळतं की गॅसची टाकी असली तरी सरपण लागतंच. आंघोळीचा बंब, गुरांचं आंबोण, थंडीतली शेकोटी आणि घरात कार्य निघालं तर पाहुण्यांचा स्वयंपाक, हे सगळं टाकीवर परवडत नाही.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे, आणि तो वावळाबद्दल आहे. कारण सरळ आहे. बाभूळ सगळ्यांना हवी असते. बांधावरची बाभूळ पडली की ती संध्याकाळपर्यंत कुणीतरी नेलेली असते. वावळ मात्र पडल्या जागी महिनोन् महिने लोळत राहतो, कारण तो फोडताना माणूस रडकुंडीला येतो. ज्याला तो फोडायची रीत माहीत आहे त्याला झाडं नसलेल्या भागातही सरपण मिळतं, बऱ्याचदा नुसतं विचारल्यावर.

आधी झाड ओळखा

वावळ हे एल्म नावाच्या विलायती झाडाच्या कुळातलं आपल्याकडचं झाड. शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया. युरोप-अमेरिकेतही एल्म फोडायला चिवट म्हणूनच लाकूडतोड्यांच्या शिव्या खातो, त्यामुळे हा गुण घराण्याचाच म्हणायचा.

साल राखाडी, जुन्या झाडाची खवले सुटल्यागत निघणारी. पान लांबट गोल, कडा साधी, दात नसलेली. पान चुरगळून नाकाशी न्या. जो घाण दर्प येतो तो एकदा घेतला की विसरत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडालाही तसाच वास असतो, वाळताना तो जातो. पौष-माघात पानगळ होऊन झाड उघडं पडतं आणि त्याच उघड्या फांद्यांवर हिरवट बारीक फुलं येतात. चैत्र-वैशाखात फळांचे घोस लटकतात: रुपयाच्या नाण्याएवढी चपटी, कागदी पंखाची चकती आणि मधे एक बी. खेड्यातली पोरं ते बी सोलून खातात.

ही चकती वाऱ्यावर उडते, म्हणून वावळ कुणी न लावता उगवतो. जुन्या विहिरीच्या बांधकामात, गावठाणातल्या पडक्या वाड्याच्या भिंतीत, ओढ्या-नाल्याच्या दरडीवर, डोंगराच्या पायथ्याच्या खडकाळ पट्ट्यात. सातमाळ्याच्या रांगेखाली चांदवडकडे फिरलात तर अशा जागा हेरायला डोळा बसेल. एक इशारा: वावळाच्या परागकणांची अनेकांना ॲलर्जी असते. दम्याचा त्रास असेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत त्याच्याखाली काम काढू नका.

लाकूड कुठून मिळतं

कुऱ्हाड खांद्यावर टाकून रानात निघायचं, ही कल्पना डोक्यातून काढून टाका. इथे उभं झाड तोडून सरपण करणारा माणूस दुसऱ्या वर्षी गावात तोंड दाखवू शकत नाही. लाकूड जमवायचं ते चार ठिकाणांहून.

पहिली जागा म्हणजे विजेच्या तारांखालचा रस्ता. पावसाळ्याआधी महावितरणची माणसं तारांना लागणाऱ्या फांद्या छाटत जातात. फांद्या रस्त्याकडेला पडतात आणि बाभळीच्या असल्या तर लगेच उचलल्या जातात. वावळाच्या पडून राहतात. गावच्या वायरमनशी ओळख ठेवा, तो उद्या कुठे छाटणी आहे हे सांगतो. फांदी ज्याच्या बांधावर पडली त्याला मात्र विचारायचंच. तार तुटून लोंबत असेल किंवा फांदी अजून तारेत अडकलेली असेल तर तिला हातही लावू नका, ओल्या लाकडातून वीज वाहते.

दुसरी जागा वळवाचा पाऊस. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वावटळ सुटते, गारा पडतात आणि विहिरीकडेची म्हातारी झाडं उन्मळतात. झाड विहिरीत किंवा पाइपलाइनवर पडलं असेल तर मालकाला ते लवकर हलवायचं असतं. त्या वेळी दोन माणसं, एक करवत आणि दोर घेऊन हजर झालात तर अर्ध्या वाट्यावर व्यवहार जमतो. कोणता अर्धा हे आधीच ठरवून घ्या. बुंधा कुणाचा आणि डहाळ्या कुणाच्या यावरून इथे भाऊबंदकी झालेली आहे.

तिसरी जागा बांध साफ करणारा शेतकरी. ट्रॅक्टर फिरताना अडतो, पिकावर सावली पडते, म्हणून तो दिवाळीनंतर बांधावरचे फाटे उतरवतो. मजुरीचे पैसे देण्याऐवजी "फाटे तुमचे, बांध मोकळा माझा" असा सौदा त्यालाही चालतो.

चौथी जागा वखार. सरपण इथे वजनावर विकतात, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. तसं १ क्विंटल लाकूड आणून नीट वाळवलंत, म्हणजे त्यातलं पाणी वीस टक्क्यांवर आलं, की काट्यावर साडेबासष्ट किलो भरेल. बाकीचे साडेसदतीस किलो तुम्ही पाणी विकत घेतलेलं असतं. म्हणून वखारीतून घ्यायचं तर वैशाखात घ्या, आणि दोन फाटे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं टणकन् वाजतं, ओलं बद्द आवाज करतं. टोकांना तडे दिसले तर आणखी चांगलं. वखारवाला पावसाळ्यात "वाळलेलंच आहे" असं म्हणतो तेव्हा मान डोलवायची आणि निघायचं.

सरपण म्हणजे फक्त लाकूड नव्हे, हेही इथल्या बायाबापड्यांकडून शिकण्यासारखं आहे. तुरकाट्या, पऱ्हाट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, गोवऱ्या यांवर घर निम्मं चालतं आणि लाकूड थंडीसाठी उरतं. निफाड-दिंडोरीकडून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्याही मिळतात, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि पुन्हा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. त्या पेटवणाला उत्तम, पण त्यांच्यावर हंगामभर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. मी त्या फक्त बंबाखाली घालतो. भाकरीच्या चुलीत नाही. आणि कण्हेर, पांढरी असो की पिवळी, कुठेच जाळू नका. तिचा धूरही विषारी.

कागदाचा भाग

कंटाळवाणा आहे, पण चुकला तर लाकूड जप्त होतं आणि ट्रॉलीही अडकते.

शेतातल्या झाडांना १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा लागतो. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खारफुटी ही झाडं आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. वावळ त्या यादीत नाही. पण म्हणून मोकाट सुटू नका. झाड कुणाच्या हद्दीत आहे हे सातबारा आणि बांध बघून ठरतं. रस्त्याकडेचं, नाल्यातलं, गायरानातलं झाड सरकारी किंवा ग्रामपंचायतीचं असतं. ग्रामसेवक किंवा तलाठ्याला विचारायला लाजू नका.

नाशिक महापालिकेच्या आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांचं संरक्षण करणारा कायदा आहे. तिथे जात कोणतीही असो, बंगल्याच्या आवारातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय तोडता येत नाही. फांद्या छाटायच्या तरी आधी उद्यान विभागात अर्ज द्या.

वनखात्याच्या हद्दीत वनरक्षकाला विचारल्याशिवाय वाळकी काडीही उचलू नका. येवल्याकडे ममदापूर-राजापूरचा काळवीटांचा पट्टा, निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वरचं अभयारण्य, इथे तर नाहीच. लाकूड गाडीत घालून गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करा आणि ज्याच्या शेतातून आणलं त्याच्या सहीचा कागद जवळ ठेवा. गाडी दिवसा न्या. रात्री लाकूड भरून निघालेली पिकअप कुणाच्याही डोळ्यांत येते. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे. तोडणीच्या झाडात पिल्लं किंवा जखमी प्राणी सापडला तर तिथेच फोन करायचा.

अवजारं

फार लागत नाही. एक वजनदार कुऱ्हाड फोडायला आणि एक हलकी फाटे सवळायला. एकच घेऊन दोन्ही कामं करायला गेलात तर एकही धड होत नाही. कोयता. दोन माणसांची लांब करवत, किंवा बजेट असेल तर चेन सॉ. लोखंडी पाचरी किमान दोन, तीन असल्या तर बरं. घण. कानस. जाड दोर. पाचरी बाजारातल्यापेक्षा गावच्या लोहाराकडून जुन्या गाडीच्या पोलादाच्या करून घ्या, निमुळता उतार लांब ठेवायला सांगा. आखूड, बोजड पाचर वावळातून उसळून बाहेर येते. घणाचे घाव खाऊन पाचरीचं डोकं पसरतं आणि त्याचे काठ फुटून उडतात, म्हणून ते अधूनमधून घासून घ्यायचे आणि डोळ्यांवर चष्मा लावायचा. दहा-वीस रुपयांची काटकसर डोळ्यावर करू नये.

पायात चप्पल नको. बाभळीचा काटा रबरी तळवा पार करतो आणि निसटलेली कुऱ्हाड पहिल्यांदा पायावरच येते. जाड बूट घ्या, सैल धोतर-ओढणी खोचून घ्या.

करवतणं

झाड उभं असेल आणि बुंधा तुमच्या मांडीपेक्षा जाड असेल तर ते पाडायचं काम तुमचं नाही. त्यासाठी तालुक्यात माणसं आहेत, त्यांना बोलवा. हा लेख आडव्या पडलेल्या लाकडाचा आहे.

जवळ जाण्याआधी वर बघा. उंच वावळावर आग्यामोहोळ असतं, झाड पडलं तरी माश्या त्याच फांदीवर बसून राहतात. मग खाली बघा. पडलेल्या झाडाखाली नाग, घोणस, विंचू आसरा घेतात. लांब काठीनं सगळीकडून ठोकून घ्या. पहाटे आणि अंधार पडताना एकट्यानं जाऊ नका. सिन्नर-निफाडकडे उसाच्या फडांमुळे बिबटे वस्तीजवळ आहेत, आणि वाकून काम करणारा माणूस त्यांना लहान जनावर वाटू शकतो.

आधी बारीक डहाळ्या कोयत्यानं उतरवा. त्या वेगळ्या बांधा, पेटवणाला लागतात. पाला शेळ्यांना घाला. मग जाड फांद्या, शेवटी बुंधा. हा क्रम उलटा केला तर फांद्यांच्या आधारावर टेकलेला बुंधा अचानक लोळतो. उतारावर असाल तर कायम वरच्या बाजूला उभे राहा.

करवत अडकणं हा नवख्याचा पहिला त्रास. त्याचं गणित समजून घ्या. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर त्याची वरची बाजू दबलेली असते, खालची ताणलेली. वरून कापत गेलात की काप मिटतो आणि पातं धरतो. म्हणून वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर या. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. पूर्ण जमिनीवर पसरलेला ओंडका दोन-तृतीयांश कापून फिरवायचा. काप मिटतोय असं दिसलं की त्यात बाभळीची लाकडी पाचर ठोका. लोखंडी नको, करवतीचे दात जातील.

मातीला दात लागू देऊ नका. काळ्या मातीपेक्षा मुरूम वाईट, एका घासणीत धार जाते. आणि बांधावरच्या झाडात काय काय मुरलेलं असतं ते विचारू नका: कुंपणाची तार, खिळे, गुरांच्या दावणीची कडी. सालीवर उंचवटा किंवा लाकडात काळसर डाग दिसला की तिथे करवत घालू नका, वीतभर सरकवून कापा. चेन सॉ असेल तर पात्याचं टोक कशालाही टेकवायचं नाही. तिथून ती उसळून तोंडावर येते. दोन्ही हात मुठींवर, आणि खांद्याच्या उंचीच्या वर कापणं नाही.

लांबी किती? चुलीसाठी लोक हातभर फाटे करतात. वावळाला ही लांबी घातक आहे. त्याचा तंतू सरळ जात नाही, थरागणिक दिशा बदलतो आणि एकमेकांत गुंतलेला असतो. लांब ओंडक्यात हा गुंता तुम्हाला शेवटपर्यंत ओढावा लागतो. फुटापेक्षा लांब तुकडे करू नका, बंबासाठी वीतभर. करवतीचे श्रम वाढतात, पण घणाचे त्याहून जास्त वाचतात.

फोडणं

इथे घाई नाही.

बाभळीचा ठोकळा मधोमध घाव घालून दोन फाकांत फुटतो. तीच सवय घेऊन वावळाच्या मधोमध कुऱ्हाड मारलीत तर ती दोन बोटं आत जाऊन अडकते. मग माणूस तिला हलवतो, वर ठोकळ्यासकट उचलून आपटतो, दांडा मोडतो, आणि वावळ शिव्या खातो. वावळ मधून फोडायचा नसतो, कडेनं सोलायचा असतो.

तुकडे करवतल्यावर त्याच आठवड्यात, ओले असतानाच कडेचं काम करून घ्या. गुडघ्याखाली येईल एवढ्या उंचीचा एखादा बाभळीचा ओंडका जमिनीत थोडा रोवा, त्यावर वावळाचा तुकडा उभा ठेवा. गाठ असेल तर ती बाजू खाली. सालीपासून दोन-तीन बोटं आत, सालीला समांतर घाव घाला. म्हणजे कुऱ्हाड मध्याकडे तोंड करून नव्हे, कडेला आडवी पडली पाहिजे. तिथे तंतू आखूड सुटतात आणि एक चपटी फाक निघते. तुकडा थोडा फिरवा, पुढचा घाव. असं भोवती जात राहिलात की गोल ठोकळ्याचा आधी चौकोनी, मग लहान चौकोनी ठोकळा राहतो. कडेच्या फाका हेच तुमचं मुख्य सरपण.

घाव घालताना पाय खांद्याएवढे फाकलेले, ठोकळा हातभर पुढे. कुऱ्हाड पाठीमागे नेऊन जोर लावण्यापेक्षा वर उचलून तिच्या वजनावर खाली येऊ द्या, आणि शेवटी गुडघे थोडे वाकवा. गुडघे वाकवले की चुकलेला घाव पायावर येण्याऐवजी ओंडक्यावर किंवा जमिनीत जातो. आसपास पोरं, कुत्री नकोत. बघ्यांना दोन हात नव्हे, दहा हात लांब बसवा, ढलप्या उडतात.

फाक निघाली तरी बऱ्याचदा सुटी होत नाही, खाली दोऱ्यांसारख्या तंतूंनी लोंबत राहते. ती हातानं ओढून तोडायचा मोह होतो. फट अचानक मिटते आणि बोटं आत राहतात. कोयत्यानं तंतू छाटा, एका घावात सुटतात.

मधला ठोकळा हट्टी निघाला तर त्याच्याशी त्याच दिवशी भांडू नका. सावलीत, वाऱ्याला, टोक वर करून ठेवून द्या. फाल्गुनाच्या कोरड्या हवेत महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या टोकावर तडे उमटतात. सगळ्यांत लांब तडा शोधा, पाचर त्यात कडेच्या बाजूला धरा आणि आधी हलक्या ठोक्यांनी बसवा. बसली की घण. पाचर निम्मी गेली आणि लाकूड नुसतं कुरकुरलं तर त्याच तड्यात पुढे दुसरी पाचर घाला. पहिली सैल होते, ती काढून पुढे लावा. कुऱ्हाडीलाच पाचर समजून तिच्या डोक्यावर घण मारू नका, दांड्याचं भोक पसरतं आणि मग पातं कधी निसटेल सांगता येत नाही.

आणि बेचके. जिथे फांदी फुटते तिथला भाग, आणि बुंध्याच्या तळाचा मुळांचा भाग, हे फोडायला जाऊच नका. वावळाचा बेचका फोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, फक्त फोडायला बसलेले पाहिलेत. ते तसेच बाजूला ठेवा. थंडीत शेकोटीच्या मधोमध एक घातला की रात्रभर धुमसतो. उरले तर शिमग्याला होळीवर द्या, गावाला लाकूड दिल्याचं नावही होतं.

रचणं आणि वाळवणं

काम सुरू करायचा काळ दिवाळीनंतर ते माघाअखेर. थंडीत अंगाला श्रम झेपतात, पानगळीमुळे फांद्या मोकळ्या दिसतात, आणि पुढे फाल्गुन ते वैशाख अशी तीन-चार महिन्यांची फुकटची भट्टी मिळते. येवला-मालेगावचं उन्हाळ्याचं ऊन आणि कोरडा वारा ही या भागाची एकच गोष्ट आहे जी सरपणवाल्याच्या बाजूनं आहे.

रचायचं कसं ते शोधायला लांब जाऊ नका, जवळची कांदा चाळ बघा. जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा फटी, वर छप्पर आणि रुंदी बेताची. लाकडालाही नेमकं हेच लागतं. दगडांवर किंवा बागेतल्या जुन्या लोखंडी अँगलवर तळ करा, एकेरी रांग रचा, कापलेली टोकं वाऱ्याच्या दिशेला म्हणजे पश्चिमेकडे येऊ द्या. भिंतीला चिकटवू नका. वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या. बाजूही झाकल्या की आत वाफ धरते आणि वावळावर निळसर-काळी बुरशी चढते. शेतकऱ्याची चाळ दिवाळीनंतर रिकामी होत असेल तर तिथेच रचायची परवानगी मागा, पण उन्हाळ कांदा यायच्या आत ती मोकळी करून द्या.

वावळाला कीड लवकर लागते. फाकांवर पिठासारखा भुसा पडताना दिसला की भुंगा आत आहे. असं लाकूड आधी जाळा आणि घराच्या सागवानी वाशांपासून लांब ठेवा. साल सहज सुटत असेल तिथे काढून टाका, कीड तिच्याखालीच राहते. सुटलेली साल वाळली की पेटवणाला येते.

मृगाच्या आत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा सरायच्या आधी, सगळं छपराखाली गेलं पाहिजे. पावसाळ्यात ढिगातून लाकूड काढताना आधी काठीनं हलवा, मग हात घाला. मण्यार रात्री हिंडते आणि दिवसा अशाच फटीत पडून असते. साप चावलाच तर फडकं आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नको. माणसाला न चालवता १०८ बोलवा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठा.

किती साठवायचं याचं सरधोपट उत्तर मी देत नाही, घराघराचं वेगळं असतं. ताणकाटा घ्या, एक आठवडा रोज जळणारं लाकूड मोजा, जितके आठवडे पुरवायचं तितक्यांनी गुणा आणि पावसाळ्यासाठी वर चौथा हिस्सा धरा.

जाळताना

वावळ बाभळीपेक्षा हलका. झटकन पेटतो, ज्वाळा चांगली देतो, पण निखारा धरत नाही. म्हणून बंबाला तो एकटा चालतो. चुलीवर भाकरी करायची तर सुरुवात वावळानं करा आणि मागून बाभळीचं एखादं लाकूड सारा. तवा ज्वाळेवर तापतो, पण भाकरी फुगते ती निखाऱ्यावर. धूर होत असेल तर दोष बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो, फुंकणीचा नाही. चुलीवरची खिडकी किंवा धुराडं उघडं ठेवा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

पुढच्या सालासाठी

तुमच्या बांधावर वावळ असेल तर तो मुळापासून काढू नका. छाटला की पुन्हा जोमानं फुटतो. डोक्याच्या वर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर फांद्या उतरवा, काप तिरका ठेवा म्हणजे पाणी साचून खोड कुजत नाही, आणि एका वेळी सगळ्या फांद्या घेऊ नका. बांधाचे चार भाग करून दर वर्षी एकच भाग छाटलात तर पाचव्या वर्षी पहिल्या भागावर पुन्हा मनगटाएवढे फाटे आलेले असतात. मधल्या मोकळ्या जागेत सुबाभूळ किंवा शेवरी लावा, ती त्याहून लवकर हाताशी येते.

नवं झाड लावायचं तर वैशाखात वावळाखाली पडलेल्या चकत्या गोळा करा. बी फार दिवस टिकत नाही, म्हणून डब्यात घालून पुढच्या वर्षावर टाकू नका. पहिला पाऊस झाला की बांधाच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर, दोन-दोन हातांवर पेरा आणि वरून बोरीच्या काट्या टाका. शेळ्यांना वावळाचा कोवळा पाला फार आवडतो.